सिंथेटिक वेगळं, पातळ वेगळं

जुन्या टर्बो डिझेल गाडीला सिंथेटिक इंजिन ऑइल भरायचं म्हटलं की कोणीतरी बजावतंच, 'पातळ असतं, इंजिन गळायला लागेल.' मग लाखभर किलोमीटर पळालेल्या स्विफ्ट डीडीआयएसचे आणि स्कॉर्पिओचे मालक घाबरून मिनरलच भरत राहतात. याचा मला मनापासून राग येतो, कारण चांगल्या ऑइलची खरी गरज अशाच इंजिनांना असते.

मिनरल म्हणजे कच्चं तेल शुद्ध करून काढलेलं, तुम्ही वर्षानुवर्षं भरताय ते. सिंथेटिक म्हणजे रासायनिक प्रक्रियेने घडवलेलं. मिनरल की सिंथेटिक, हे ऑइल कशापासून बनलं ते सांगतं. ते किती घट्ट आहे हे ग्रेडवरून, म्हणजे डब्यावरच्या १५डब्ल्यू-४० सारख्या आकड्यांवरून कळतं. १५डब्ल्यू-५० फुल सिंथेटिक बाजारात मिळतं आणि १०डब्ल्यू-३० मिनरलही मिळतं.

आता ग्रेड नीट वाचा. १५डब्ल्यू-४० मिनरल आणि ५डब्ल्यू-४० सिंथेटिक यांत डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा आहे. नंतरचा ४० दोन्हीकडे सारखाच, म्हणजे १०० अंशांना दोघांचीही घट्टता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या (घट्टता मोजायचं एकक) पट्ट्यातच बसते. गॅरेजात मिस्त्री ऑइल दोन बोटांत चोळून 'बघा, किती पातळ' म्हणतो, तेव्हा ते ऑइल थंड असतं. गाडी चालते गरम ऑइलवर. थंड असताना पातळ असणं हा तर फायदाच आहे, सकाळी स्टार्टर मारल्यावर ते टर्बोपर्यंत, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागापर्यंत लवकर पोचतं.

गैरसमज येतो कुठून? बरेच जण १५डब्ल्यू-४० मिनरलवरून थेट ५डब्ल्यू-३० सिंथेटिकवर जातात. तिथे गरम ऑइल खरंच पातळ होतं, पण ते ४० चं ३० झाल्यामुळे. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ३० चालतं असं लिहिलं नसेल तर ४० वरच राहा. डिझेल गाडी असेल तर डब्यावर एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) 'सी'ने सुरू होणारा दर्जाही बघून घ्या.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या थरावर तरंगतो. घाट चढून लगेच इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं, एक्झॉस्टकडची उष्णता बेअरिंगकडे येते आणि तिथे अडकलेलं ऑइल जळून काजळी धरतं. मिनरलला हे आधी सोसेनासं होतं, सिंथेटिक जास्त तग धरतं. तरी बंद करण्याआधी मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवाच.

गळतीचं म्हणाल, तर कडक झालेलं ऑइल सील (ऑइल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) मिनरलवरही गळणारच. कधीकधी जुना गाळच ते बुजवून धरतो आणि नवं ऑइल तो धुऊन काढतं. तेव्हा सील बदला, ऑइल नव्हे. फ्लशिंगच्या, म्हणजे औषध घालून इंजिन आतून धुण्याच्या भानगडीत मात्र पडू नका, सुटलेला गाळ सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) जाळीत अडकला तर टर्बोलाच ऑइल कमी पडेल. नवा फिल्टर लावा आणि पहिलं सिंथेटिक नेहमीच्या निम्म्या किलोमीटरला बदला.