डॉल्फिनला दात आहेत, पण तो चावून खात नाही

मालवण, दाभोळ किंवा गोव्याच्या बोटीवर कुणीतरी हमखास सांगतं, "एवढे दात आहेत म्हटल्यावर मासे कराकरा चावून खात असणार!" ऐकायला पटतं, पण तसं नाही.

बॉटलनोज या जातीच्या डॉल्फिनच्या तोंडात साधारण ८० ते १०० दात असतात. आपल्यासारखे पटाशी, सुळे, दाढा असे प्रकार त्यात नाहीत. सगळे सुळक्यासारखे, एकाच घडणीचे. अशा दातांनी मासा पकडता येतो, दळता येत नाही. म्हणून तो अख्खाच गिळला जातो, बहुतेकदा डोक्याकडून, म्हणजे काटे आणि पर मागे दुमडतात आणि घशात अडकत नाहीत. चावण्याचं काम पोट करतं. पोटाला कप्पे असतात आणि पहिल्या कप्प्याच्या जाड स्नायूंत घास घुसळला जातो.

अडचणीच्या भक्ष्यासाठी मात्र युक्त्या आहेत. मेक्सिकोच्या आखातात डॉल्फिन काटेरी शिंगाळा माशाचं डोकं तोडून टाकतात आणि शेपटीकडचा भाग खातात. पश्चिम ऑस्ट्रेलियात ते ऑक्टोपसला पाण्यावर आपटून आपटून त्याचे तुकडे करतात. एवढं का? कारण त्याच्या चिकट भुजा घशात अडकल्या तर जीव जातो, आणि तसे मेलेले डॉल्फिन सापडलेही आहेत.

तहानेबद्दलही असाच गैरसमज आहे. खारं पाणी पिऊन डॉल्फिन तहान भागवत नाही, त्याला लागणारं पाणी मुख्यतः माशांतूनच मिळतं.