पार्श्वभूमी : केनियातील तरुण आणि कराचा हिशेब

25 जून 2024 रोजी केनियाच्या राजधानीत, नैरोबीत, नवे कर लादणारे वित्त विधेयक 195 विरुद्ध 106 मतांनी मंजूर झाले आणि काही वेळातच आंदोलक तरुण संसदेच्या आवारात घुसले. इमारतीच्या एका भागाला आग लागली, पोलिसांनी गोळीबार केला, रस्त्यावर लष्कर उतरवण्यात आले. आपल्याकडच्या बातम्यांत हा महागाईने पेटलेला उद्रेक म्हणून आला. महागाई होतीच, पण कर कोण ठरवतो आणि तो देणाऱ्याला आधी कोण विचारतो, हे भांडण केनियात फार जुने आहे.

1921 मध्ये नैरोबीत तरुण आफ्रिकींची पहिली राजकीय संघटना उभी राहिली, तेव्हाही विषय हाच होता. झोपडीवरचा कर वाढला होता आणि गोरे मळेवाले मजुरी एक तृतीयांशाने कापायला निघाले होते. त्यात भर ‘किपांडे’ची. बोटांचे ठसे आणि कुठल्या मालकाकडे किती मजुरीवर काम केले याच्या नोंदी असलेला हा कागद धातूच्या डबीत घालून प्रत्येक आफ्रिकी पुरुषाला गळ्यात अडकवावा लागे. सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर असलेल्या एका विशीतल्या तरुणाने याविरुद्ध सभा घ्यायला सुरुवात केली. नैरोबीतल्या एका भारतीय संपादकाची त्याला साथ होती. मार्च 1922 मध्ये त्याला अटक झाली, पोलीस ठाण्यासमोर गर्दी जमली आणि गोळीबारात किमान 21 माणसे मेली.

स्वातंत्र्यानंतरची पहिली चाळीस वर्षे तरुणांच्या दृष्टीने फारशी अभिमानाची नाहीत. 1982 मध्ये एकपक्षीय राजवट कायद्यानेच लादली गेली. 7 जुलै 1990 च्या ‘साबा साबा’ (स्वाहिलीत ‘सात सात’, म्हणजे सातव्या महिन्याची सात तारीख) आंदोलनानंतर बहुपक्षीय निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला खरा, पण 1992 च्या पहिल्याच निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी ‘युवा’ हे नाव लावलेली संघटना पैसे वाटायला वापरली. तरुण म्हणजे प्रचाराला भाड्याने मिळणारी फौज, ही समजूत सगळ्याच पक्षांनी जोपासली. 2007-08 च्या निवडणुकोत्तर हिंसाचारात 1,100 हून अधिक माणसे मारली गेली. त्यात मारणारे आणि मरणारे, दोन्हीकडे तरुण मोठ्या संख्येने होते.

त्या रक्तपाताच्या धक्क्यातून ऑगस्ट 2010 ची राज्यघटना आली. तिच्यात 18 ते 35 वयोगटाची ‘युवा’ म्हणून वेगळी दखल आहे, शांततेने निदर्शने करण्याचा हक्क आहे आणि सरकारी पैशाच्या बाबतीत लोकसहभाग बंधनकारक आहे. 2024 मध्ये रस्त्यावर आलेली मुले याच घटनेच्या छायेत मोठी झाली होती. माझ्या मते या आंदोलनाचे बळ इथेच आहे.

विधेयकातून 346 अब्ज शिलिंग उभे करायचे होते. पावावर 16 टक्के मूल्यवर्धित कर, वाहनांवर वार्षिक कर, मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या शुल्कावर वाढीव कर अशी कलमे त्यात होती. तरुणांनी ती वाचली, साध्या भाषेत समजावून सांगणारे व्हिडिओ केले, स्थानिक भाषांत उतरवली, खासदारांचे फोन क्रमांक फिरवून त्यांच्यावर संदेशांचा भडिमार केला. जखमींच्या उपचारांसाठी मोबाइलवरच वर्गणी जमा झाली. आम्हाला नेता नाही, पक्ष नाही, जमात नाही, असे ते सांगत. ज्या देशात मतदान बहुतेक वेळा जमातीच्या हिशेबाने होते, तिथे हे लहानसहान विधान नव्हते. 18 जूनला सरकारने पावावरचा आणि वाहनांवरचा कर मागे घेतला. आंदोलकांना तेवढे पुरले नाही.

26 जूनला राष्ट्राध्यक्षांनी विधेयकावर सही करणार नसल्याचे जाहीर केले. ‘विधेयक मागे घेतले’ अशीच बातमी जगभर गेली. कायद्याच्या दृष्टीने ते तितके सरळ नव्हते. संसदेने मंजूर केलेले विधेयक मागे घेण्याचा अधिकारच राष्ट्राध्यक्षांना नाही. घटनेच्या 115 व्या कलमानुसार त्यांच्यापुढे 14 दिवसांत दोनच वाटा असतात : सही करायची, नाहीतर आक्षेप नोंदवून ते परत पाठवायचे. काहीच केले नाही, तर मुदत संपताच विधेयकाला संमती मिळाल्याचे मानले जाते. परत आलेले विधेयक दोन तृतीयांश मतांनी जसेच्या तसे पुन्हा मंजूर करण्याची मुभाही संसदेला असते. त्यामुळे भाषण ऐकून आंदोलक निश्चिंत झाले नाहीत. मुदत उलटू देऊन कायदा मागल्या दाराने येईल, अशी शंका समाजमाध्यमांवर कलमाचा हवाला देऊन मांडली गेली. प्रत्यक्षात विधेयकातली सगळीच कलमे वगळावीत, अशी शिफारस जोडून ते परत पाठवण्यात आले.

या निर्णयाबद्दल आजही दोन मते आहेत. ही माघार म्हणजे जनमताचा आदर, असे सरकारचे समर्थक म्हणतात. कर्जाचे हप्ते भरायला पैसा हवाच होता, हा त्यांचा मुद्दाही खोटा नाही. पण 1 जुलैपर्यंत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या नोंदीत 39 मृत्यू होते. इतक्या जिवांनंतर घेतलेल्या माघारीला आदर म्हणायला जीभ रेटत नाही. 11 जुलैला जवळपास सगळे मंत्रिमंडळ बरखास्त झाले, तरी गोळ्या कोणाच्या आदेशावरून झाडल्या याचे उत्तर मिळाले नाही.

लोकसहभाग नेमका कशाला म्हणायचे, हा वादही न्यायालयात गेला. पुरेसा लोकसहभाग झाला नाही, या कारणासह अपील न्यायालयाने 31 जुलै 2024 रोजी आदल्या वर्षीचा, 2023 चा वित्त कायदा रद्द केला. 29 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून कायदा वैध ठरवला. डिसेंबरमध्ये करकायद्यांत दुरुस्त्या झाल्या आणि जूनमध्ये बारगळलेल्या काही तरतुदी त्यांतून परत आल्या.

25 जून 2025 ला, वर्षपूर्तीच्या दिवशी, संसदेकडे जाणारे रस्ते काटेरी तारांनी बंद होते. निदर्शनांचे थेट प्रक्षेपण थांबवण्याचा सरकारी आदेश निघाला, तो उच्च न्यायालयाने तातडीने स्थगित केला. त्या दिवशी पुन्हा माणसे मारली गेली. या वेळी मागणीत कराच्या जोडीला 2024 च्या मृतांची चौकशी आणि पोलिसांवर खटले हे मुद्दे होते.