बेडूक पाळायला नेला तर चालतो? नाही

पहिला पाऊस कोसळला की गोव्यात एक समज दरवर्षी फिरतो: बेडूक मारून खाणे गुन्हा, पण मुलांसाठी एखादा काचेच्या पेटीत ठेवला तर काही बिघडत नाही, उलट तो गाड्यांखाली चिरडण्यापासून वाचतो.

हे खरे नाही. ‘जंपिंग चिकन’ या नावाने खाण्यासाठी ज्याची शिकार होते तो मोठा बेडूक, बुलफ्रॉग, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. गुन्हा पकडण्यापासूनच सुरू होतो. हेतू पाळण्याचा होता, ही सबब चालत नाही.

आणि तो वाचतही नाही. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून शोषतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन थेट अंगात जाते. हलणारे भक्ष्यच त्याला दिसते, म्हणून समोर टाकलेला भात किंवा मेलेला किडा तसाच पडून राहतो. घाबरलेला बेडूक काचेवर उड्या मारून नाक सोलून घेतो.

मला सर्वांत जास्त खुपते ती वेळ. पिवळाधमक झालेला नर सहज सापडतो, कारण तो साचलेल्या पाण्यात मादीला हाका मारत असतो. नेमके तेच दिवस अंडी घालण्याचे. तेव्हा उचललेल्या जोडीबरोबर शेतातली हजारो अंडी जातात.

महिन्याभराने ‘सोडून देऊ’ म्हणणेही घातक, कारण पेटीतली बुरशी, रोग त्याच्याबरोबर ओहोळात पोचतात. बेडूक घरात शिरलाच, तर ओल्या हातांनी बादलीत घेऊन लगेच जवळच्या पाणथळ जागी सोडा. जखमी असेल तर वन खात्याला कळवा.