वाई: कृष्णाकाठचे घाट कुणी बांधले, का बांधले

पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी बहुतेक मंडळी वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन घेतात आणि लगेच पसरणी घाटाच्या रस्त्याला लागतात. गावाचा इतिहास मात्र त्या देवळाच्या पाठीमागच्या भिंतीपासून सुरू करायला हवा.

वाई हे जुनं ठाणं. आदिलशाहीत अफझलखान इथला सुभेदार होता आणि १६५९ साली प्रतापगडाकडे निघण्याआधी त्याचा तळ वाईलाच पडला होता. त्या संकटात शिवाजी महाराजांच्या यशासाठी कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्यातूनच कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, अशी गावातली परंपरा आहे. माघापासून हा उत्सव एकेका घाटावर आळीपाळीने होतो. भीमकुंड आळी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि गंगापुरी असे हे सात घाट, प्रत्येकाची आळी वेगळी नि उत्सवाचे दिवसही वेगळे. पांडवांची विराटनगरी म्हणजे वाईच, असंही सांगतात. पण तो दावा करणारी गावं देशात बरीच आहेत.

आज दिसणारी दगडी वाई बरीचशी रास्त्यांची. भिकाजी नाईक रास्ते यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिलेली, आणि थोरले माधवराव तिचे चिरंजीव. पेशव्यांशी सोयरीक झाल्यावर रास्ते सरदारकीला चढले आणि पैसा नदीकाठी ओतला गेला. आनंदराव भिकाजी रास्त्यांनी १७५७ साली काशीविश्वेश्वराचं देऊळ बांधलं, गणपतराव भिकाजींनी १७६२ साली गणपतीचं. महालक्ष्मी आणि विष्णूची देवळंही याच काळातली.

गणपतीचं देऊळ अगदी पात्रालगत आहे. पावसाळ्यात कृष्णा फुगली की पाणी थेट देवळावर येणार, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. पुराच्या तोंडी सपाट भिंत उभी केली तर लोंढा तिच्यावर आदळतो, कोपऱ्यांशी भोवरे होतात आणि ते पायाखालची माती उकरून नेतात. भिंत बहुधा वरून पडत नाही, खालून पोखरली जाऊन बसते. म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केली. पाणी दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. पुलाच्या खांबांना टोकदार नाक ठेवतात त्यामागचं तत्त्व हेच. समोरून दर्शन घेऊन परतणाऱ्याला हे दिसत नाही. देवळाला वळसा घालून मागे जावं लागतं. आतली मूर्ती एकाच दगडाची, सुमारे दहा फूट उंच.

रास्त्यांच्या आश्रयाने शास्त्री-पंडितांची घरं इथे टिकली. त्याच वातावरणात नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी प्राज्ञपाठशाळा उभी केली. धर्मकोशाचं, म्हणजे धर्मशास्त्रातली संस्कृत वचनं विषयवार एकत्र करण्याचं, काम तिथलं. त्यांचे शिष्य आणि मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईतच राहिले आणि विश्वकोशाचं कार्यालयही मुंबई-पुण्याऐवजी वाईत आलं. पहिला खंड १९७६ साली निघाला.

घाट नीट पाहायचे तर हिवाळ्यातली सकाळ बरी. संकष्टीला आणि शनिवार-रविवारी गणपती घाटावर गर्दी असते, तेव्हा गंगापुरीकडून चालायला सुरुवात करावी. वरच्या अंगाला साडेतेरा टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धोम धरण झाल्यापासून घाटावरचं पाणी विसर्गावरही अवलंबून असतं. ज्या पायऱ्यांवरून पाणी नुकतंच ओसरलंय तिथे शेवाळ असतं आणि घसरून पडणारे तिथेच पडतात.

दोन-तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्यांच्या दप्तरामुळे, म्हणजे जुन्या कागदपत्रांमुळे, इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेला. वाड्यामागच्या घाटावर एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगली आहे. ती वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज लूट. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल दिसतं. वसई मराठ्यांनी घेतली १७३९ साली. तिथून पुढे धोमला जावं. महादेवासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर बसवलाय, आणि ते कासव कमळाच्या आकाराच्या कुंडात आहे. कुंड भरलेलं असेल तर कासव पाण्यावर तरंगतंय असंच वाटतं. कोरडं असेल तर निदान कारागिरी तरी बारकाईने पाहता येते.