इंपीरियल बँक ऑफ पर्शिया

इराणमधील ब्रिटिश मालकीची बँक (१८८९–१९५२). भागधारक आणि संचालक मंडळ लंडनचे, सनद व्हिक्टोरिया राणीची, नोटेवर मुखवटा मात्र इराणच्या शहाचा, अशी तिची घडण होती. १९३० पर्यंत इराणमध्ये नोटा काढण्याचा मक्ता तिच्याकडेच होता. त्यामुळे तेहरानमधल्या ब्रिटिश आणि रशियन वकिलातींच्या चढाओढीत बँकेचे खतावणीपुस्तक हाही राजकारणाचा कागद ठरला.

मक्त्याचे मूळ एका फसलेल्या व्यवहारात आहे. १८७२ मध्ये नासिरुद्दीन शहाने वृत्तसंस्थेचे संस्थापक बॅरन जूलियस द रॉयटर यांना रेल्वे, खाणी, कालवे यांचा जवळजवळ सरसकट मक्ता दिला आणि रशियाच्या व स्वतःच्याच दरबाराच्या विरोधामुळे पुढच्या वर्षी तो रद्द केला. रॉयटर यांचा दावा मात्र लोंबकळत राहिला. १८८८ मध्ये तेहरानला आलेले ब्रिटिश वकील सर हेन्री ड्रमंड वुल्फ यांनी तो जुना दावा पुढे करून ३० जानेवारी १८८९ रोजी नवा मक्ता पदरात पाडून घेतला. मुदत ६० वर्षे. नोटांचा एकाधिकार, करमाफी आणि खाणींचे हक्क बँकेला मिळाले. बदल्यात निव्वळ नफ्याचे ६ टक्के, पण वर्षाला किमान ४,००० पौंड, इराण सरकारला द्यायचे होते, शिवाय शहाला ४०,००० पौंडांचे कर्ज ६ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी. नोटांपोटी पहिली दोन वर्षे निम्मी आणि नंतर एकतृतीयांश रोकड तिजोरीत ठेवण्याची अट होती.

ही अट कागदावर सोपी वाटते. इराणचे चलन चांदीचे होते. क्रान या नाण्याचे वजन सुमारे ४.६ ग्रॅम, दहा क्रानांचा एक तोमान. म्हणजे हजार तोमानांच्या नोटा कोणी खिडकीवर ठेवल्या, तर ४६ किलो चांदी मोजून द्यायची. दहा हजार तोमान एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायचे म्हणजे ४६० किलो, तेही खेचरांच्या तांड्यावर, डोंगरवाटांनी. प्रतिस्पर्ध्याने किंवा बिथरलेल्या व्यापाऱ्यांनी बाजारातून गुपचूप नोटा गोळा करून एखाद्या लहान शाखेवर एकदम नेल्या, तर तेहरानची भरलेली तिजोरी तिथे वेळेत पोहोचणे अशक्य. म्हणून प्रत्येक नोटेवर गावाचे नाव छापले जाई आणि ती त्याच गावी वटे. तबरीझची नोट मशहदला नेली तर सराफ वटणावळ कापून घेई. बँक अशा झडपेतून वाचली, पण त्याची किंमत अशी की तिची नोट देशभर एका भावाने चालणारे चलन कधीच झाली नाही.

सराफांचे वैर मुख्यत्वे याच हुंडी-वटावाच्या धंद्यावरून होते. सरकारी खजिना रोख देण्याऐवजी प्रांताच्या महसुलावर ‘बरात’ लिहून देई, आणि ती कापून पैसे देणे ही सराफांची जुनी कमाई. (पेशवाईच्या दप्तरातली ‘वरात’ हा त्याच शब्दाचा मराठी अवतार.)

खरा फटका चांदीने दिला. भांडवल पौंडांत, म्हणजे सोन्यात, गुंतवणूक क्रानांत. १८९० च्या सुमारास पौंडाला ३४ च्या आसपास क्रान मिळत, ते चारपाच वर्षांत ५० वर गेले. जून १८९३ मध्ये मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या, तेव्हा घसरणीला आणखी जोर आला. बँकेला आपले १० लाख पौंडांचे भरणा भांडवल ६.५ लाखांवर आणावे लागले. वकिलातीचे वजन इथे काहीच कामाचे नव्हते.

वकिलातीचा उपयोग कर्जांत होई. १८९२ मध्ये ब्रिटिश कंपनीला दिलेला तंबाखूचा मक्ता जनक्षोभामुळे रद्द झाला आणि त्या कंपनीला ५ लाख पौंड भरपाई देण्यासाठी इराणने या बँकेकडूनच ६ टक्क्यांनी ४० वर्षांचे कर्ज काढले. तारण होते इराणच्या आखाती बंदरांच्या जकातीचे. या क्षेत्रातली सगळी मेख तारणात असते: व्याज थकले की जकातनाक्यावर आपला माणूस बसवण्याचा हक्क सांगता येतो. १८९८ मध्ये ५०,००० पौंडांच्या उचलीसाठी बँकेने किर्मानशाह आणि बुशहरची जकात ताब्यात मागितली, तेव्हा स्थानिक विरोध उसळला. मोठे कर्ज ठरेना, कारण ब्रिटिश सरकार पाठिंबा देई, पण हमी देत नसे. भागधारकाला लाभांश हवा असतो आणि परराष्ट्र खात्याला प्रभाव. दोघांचे हिशोब इथे जुळत नव्हते.

रशियाला हा पेच नव्हता. रशियन भांडवलदार पोल्याकोव्ह यांच्या मक्त्यातून निघालेली पतपेढी १८९४ मध्ये रशियन अर्थखात्याच्या हाती आली आणि नफ्यातोट्याची फिकीर न करता सरदार-जमीनदारांना कर्जे वाटू लागली. १९०० मध्ये तिने इराणला २.२५ कोटी रूबल ५ टक्क्यांनी, ७५ वर्षांसाठी दिले. अटी दोन: १८९२ चे ब्रिटिश कर्ज आधी फेडायचे, आणि हे फिटेपर्यंत रशियाच्या संमतीशिवाय दुसऱ्या देशाकडून कर्ज काढायचे नाही. तारणात फार्स आणि आखाती बंदरे सोडून सगळी जकात गेली.

ब्रिटिशांनी यावर काढलेली तोड कसबी होती. १९०३-०४ मध्ये एकूण ३ लाख पौंड दिले ते भारत सरकारने, पण कर्ज बँकेच्या नावे ठेवून. तारणासाठी कॅस्पियनची मासेमारी, टपाल-तार आणि रशियन करारातून सुटलेली फार्स-आखाताची जकात वापरली. ३१ ऑगस्ट १९०७ च्या आंग्ल-रशियन करारात हीच वाटणी कलम ४ मध्ये दोन्ही बँकांच्या नावांनिशी आली, आणि हप्ते थकल्यास दोन्ही सरकारांनी आधी आपसात बोलायचे असे कलम ५ ने ठरले. प्रभावक्षेत्रांच्या त्या नकाशाखाली आधीच्या तारणखतांच्या रेघा स्पष्ट दिसतात. इराणला कोणी विचारले नाही. मात्र १९०६ मध्ये नव्या मजलिसने (इराणच्या संसदेने) ४ लाख पौंडांची संयुक्त ब्रिटिश-रशियन उचल नाकारून राष्ट्रीय बँकेची मागणी केली होती.

भांडवलाअभावी ती बँक, बँक मिल्ली, १९२८ पर्यंत उभी राहिली नाही. रशियन पतपेढी १९२१ च्या सोव्हिएत तहाने इराणला मिळाली होती. नोटांचा हक्क इराणने १९३० मध्ये २ लाख पौंड देऊन विकत घेतला. १९४९ मध्ये मक्त्याची साठ वर्षे भरली आणि १९५२ मध्ये, तेलाच्या राष्ट्रीयीकरणाच्या वादात, बँकेने इराणमधला कारभार आवरला. कंपनी ‘ब्रिटिश बँक ऑफ द मिडल ईस्ट’ या नावाने पुढे चालू राहिली.