ट्यूबा बदलल्या की खोलीची हवाही बदलते

निपाणी-चिकोडीकडे उसाची लावण अजून बरीचशी कांड्यांनीच होते. बेण्यात रोग असला, तर तो कांडीबरोबर नव्या रानात जातो. म्हणून बेणेमळ्यासाठी टिश्यू कल्चरच्या रोपांना महत्त्व आहे. उसाच्या शेंड्यातला अगदी कोवळा भाग घेऊन ती बाटलीत वाढवतात आणि त्या बाटल्या ठेवतात ग्रोथ रूममध्ये. तिथे लोखंडी रॅक असतात, प्रत्येक फळीवर उजेडाच्या ट्यूबा (ट्यूबलाइट), तापमान २५ अंशांच्या आसपास आणि दिवसाला साधारण १६ तास उजेड. सूर्य या खोलीत येतच नाही, रोपांचा सगळा दिवस विजेवर चालतो.

त्यामुळे एलईडीचा विषय निघतो तो बिलावरूनच, आणि हिशेब खरोखर चांगला आहे. ४० वॅटची जुनी ट्यूब चोकसकट ५० वॅटच्या आसपास वीज खाते, तिच्या जागी २० वॅटची एलईडी चालते. १०० ट्यूबांमागे ३ किलोवॅट वाचतात, म्हणजे १६ तासांत ४८ युनिट. शिवाय चोक खोलीतच असतील, तर तेवढी उष्णताही कमी होते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, यावरून अंदाज यावा.

पण नवी ट्यूब निवडताना खोक्यावरच्या लुमेनवर जाऊ नका. लुमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, आणि आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सर्वांत जास्त दिसतो. झाड ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण वापरतं. ते किती पडतात हे मायक्रोमोलमध्ये, वेगळ्या मीटरने मोजतात. भर दुपारचं ऊन चौरस मीटरवर सेकंदाला २००० मायक्रोमोलच्या घरात जातं, बाटलीतल्या रोपाला ५० च्या आसपास पुरतात, कारण त्याला बुडाशी असलेल्या माध्यमातून, म्हणजे ज्या पोषक द्रव्यात ते वाढतं त्यातून, साखर मिळत असते. जुन्या, मंद झालेल्या ट्यूबांच्या जागी एकदम प्रखर एलईडी लावली, तर कोवळी पानं फिकट पडू शकतात.

रंगाबद्दल एक समज घट्ट बसला आहे, की झाडाला फक्त तांबडा आणि निळा प्रकाश लागतो, हिरवा वाया जातो. १९७२ मध्ये कीथ मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर केलेली मोजमापं वेगळं सांगतात. हिरव्या प्रकाशावरही प्रकाशसंश्लेषण चांगलं होतं. नुसत्या तांबड्यात रोपं लांबुडकी होतात, निळ्यामुळे ती ठेंगणी, आटोपशीर राहतात. ग्रोथ रूमसाठी मी तरी पांढरी एलईडीच सुचवेन. त्यात तिन्ही रंग आहेत, आणि तांबड्या-निळ्या एलईडीच्या गुलाबी उजेडात जो पिवळेपणा किंवा बुरशीचा ठिपका नजरेतून सुटतो, तो पांढऱ्यात लगेच दिसतो.

आता हवेकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. एलईडी उजेड पुढे टाकते, पण तिची उष्णता पाठीतून निघते आणि ती पाठ असते वरच्या फळीला चिकटलेली. फळी तापली की वरच्या बाटल्या बुडातून गरम होतात, माध्यमातलं पाणी वाफ होऊन काचेवर आणि झाकणाला थेंब धरतं. अशा दमट बाटलीत पानं काचेसारखी पाणीदार होण्याचा धोका असतो, आणि तसं रोप बाहेर मातीत टिकत नाही. जुन्या ट्यूबांतही हा त्रास होता, एलईडीने तो कमी होतो, पण संपत नाही. फळी आणि ट्यूब यांच्यात बोटभर फट ठेवली, तर हवा खेळते.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. खानापूर-बेळगावकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा आधीच गार आणि ओलीचिंब असते. जुन्या ट्यूबा खोली तापवायच्या, त्यामुळे एसी सतत चालायचा आणि थंड करता करता हवेतली ओलही काढायचा. एलईडी आली, उष्णता घटली, एसी थोडाच वेळ चालू लागला, आणि ओल खोलीतच राहिली. मग झाकणाच्या कडेला बुरशी धरते आणि बाटल्यांमागून बाटल्या फेकाव्या लागतात. मे महिन्यात जी बचत वरदान वाटते, तिच्यातले थोडे पैसे ओल शोषणाऱ्या यंत्रासाठी आधीच बाजूला काढायला हवेत.

आणि सगळी खोली एका दिवसात बदलू नये. दोन रॅक बदला, त्याच बॅचच्या बाटल्या जुन्या-नव्या उजेडात ठेवा आणि एक फेरी पूर्ण होऊ द्या. शेवटी फुटवे मोजा, बाद झालेल्या बाटल्याही मोजा. ही फेरी पावसाळ्यात घेतलीत तर उत्तम.