स्टॅटिक आणि शेअर्ड लायब्ररी

अनेक प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड, म्हणजे लायब्ररी, प्रोग्रॅमला जोडण्याच्या या दोन पद्धती. स्टॅटिक पद्धतीत लायब्ररीतला कोड बिल्डच्या, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बनवण्याच्या, वेळीच प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये उतरतो. शेअर्ड पद्धतीत तो वेगळ्या फाइलमध्ये राहतो आणि प्रोग्रॅम सुरू होताना मेमरीत येऊन जोडला जातो. पुढचे विवेचन लिनक्सपुरते आहे. या निवडीत फाइलचा आकार आणि मेमरीची बचत यांवरच बोलणे जास्त होते. दहा-पंधरा वर्षे चालवायच्या सॉफ्टवेअरला मात्र खरा प्रश्न वेगळा पडतो : लायब्ररीत दोष सापडला की नवी बिल्ड कोणी करायची?

स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ‘एआर’ या साधनाने बांधलेला ऑब्जेक्ट फाइलींचा (कंपाइल झालेल्या, पण अजून न जोडलेल्या कोडच्या फाइलींचा) गठ्ठा. हे तुकडे जोडणारा लिंकर त्यातले सगळे उचलत नाही. तोवर न सापडलेली सिम्बॉल (फंक्शन आणि व्हेरिएबलची नावे) ज्या ऑब्जेक्ट फाइलींत असतील तेवढ्याच तो घेतो. म्हणून कमांडमध्ये लायब्ररी आधी आणि तिला हाक मारणारी फाइल नंतर लिहिली, तर लायब्ररी जागेवर असूनही ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ची तक्रार येते.

शेअर्ड लायब्ररीला बहुधा तीन नावे असतात. झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीचे उदाहरण घेऊ. ‘लिबझेड.एसओ.1.2.13’ ही खरी फाइल. ‘लिबझेड.एसओ.1’ हे तिचे एसओनेम, आणि प्रोग्रॅमच्या आत नोंदले जाते ते हेच. ‘लिबझेड.एसओ’ ही फक्त बिल्डला लागणारी लिंक. ती डेव्हलपमेंट पॅकेजबरोबर येते. प्रोग्रॅमला कोणती एसओनेम हवीत ते ‘रीडएल्फ’ दाखवतो. ‘एलडीडी’ही दाखवतो, पण अनोळखी बायनरीवर (बांधून तयार झालेल्या प्रोग्रॅमच्या फाइलीवर) तो चालवू नये, त्यात त्या फाइलमधला कोड चालण्याची शक्यता असते. फाइल हाताने कॉपी करून, लायब्ररींची नोंद ताजी करणारे ‘एलडीकॉन्फिग’ चालवायचे राहिले, तर डिस्कवर असलेली लायब्ररीही ती मेमरीत आणणाऱ्या लोडरला सापडेलच असे नाही.

एसओनेम हा करार आहे. जुन्या बायनरी न बिघडता चालणार असतील तर आकडा तोच ठेवायचा, नाहीतर वाढवायचा. करार मोडतो तो बहुधा नकळत : स्ट्रक्चरच्या मध्ये नवे फील्ड घातले, फंक्शनच्या पॅरामीटरचा प्रकार बदलला, सी प्लस प्लसच्या क्लासमध्ये मधेच व्हर्च्युअल फंक्शन आले. नव्याने कंपाइल केले की सगळे सुरळीत चालते, म्हणून लेखकाच्या लक्षात येत नाही. जुनी बायनरी मात्र जुन्याच अंतरावर फील्ड शोधते आणि भलतीच किंमत वाचते. क्रॅश झाला तर नशीब, कारण मुकाट्याने चुकीचा डेटा लिहिला जाणे त्याहून वाईट. झेडलिबने यावर साधी तजवीज केली आहे. सुरुवातीच्या फंक्शनला प्रोग्रॅमकडून आवृत्ती आणि स्ट्रक्चरचा आकार दिला जातो. जुळले नाही तर ते लगेच एरर परत करते. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीने 2016 च्या 1.1.0 आवृत्तीत बरीच स्ट्रक्चर बाहेरच्या प्रोग्रॅमपासून झाकून टाकली. त्या वेळी कित्येक प्रोग्रॅमचा सोर्स कोड बदलावा लागला, पण आतले बदल त्यानंतर सोपे झाले. दर रिलीजआधी जुनी आणि नवी फाइल ‘एबीआयडिफ’ने ताडून पाहिली तर असे बदल आधीच दिसतात.

जीलिबसी या लिनक्सवरच्या मूलभूत सी लायब्ररीची रीत निराळी. तिथे प्रत्येक सिम्बॉलला आवृत्ती असते, त्यामुळे ‘लिबसी.एसओ.6’ हे नाव 1997 पासून टिकले. 2010 मध्ये मेमरीतला डेटा कॉपी करणारे ‘मेमकॉपी’ वेगवान केल्यावर, एकमेकांवर येणाऱ्या मेमरीवर ते चुकीने वापरणारे प्रोग्रॅम उघडे पडले. फ्लॅश प्लेअरचा आवाज बिघडला तो यातूनच. जीलिबसी 2.14 मध्ये नव्या बायनरींना नवे ‘मेमकॉपी’ आणि जुन्यांना जुन्या वागणुकीचे, अशी वाटणी झाली. हे संरक्षण एकतर्फी आहे. जुनी बायनरी नव्या सिस्टमवर चालते, उलटे चालेलच असे नाही. 2.34 वर बांधलेला साधा रिकामा प्रोग्रॅमही त्याआधीच्या जीलिबसीवर सुरू होत नाही, कारण प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सिम्बॉललाच त्या रिलीजमध्ये नवी आवृत्ती मिळाली. म्हणून ज्या सर्वांत जुन्या सिस्टमवर चालवायचे, तिच्यावरच बिल्ड करायची. पायथनची ‘मेनीलिनक्स 2014’ प्रकारची व्हील्स (तयार बांधलेली पॅकेजेस) सेंटओएस 7 या जुन्या लिनक्सवर, म्हणजे जीलिबसी 2.17 वर, बांधली जात ती याच हिशेबाने.

दोष निघाला की दोन पद्धतींतला फरक कळतो. मार्च 2002 मध्ये झेडलिब 1.1.3 मध्ये एकच मेमरी दोनदा मोकळी करणारा दोष जाहीर झाला. शेअर्ड लायब्ररीपुरते काम एका पॅकेजचे होते. पण झेडलिबची प्रत पोटात घेतलेले प्रोग्रॅम पुष्कळ होते, लिनक्सचा गाभा असलेला कर्नलही त्यांत होता, आणि ते एकेक करून हुडकावे लागले. झेडलिबच्या कोडमध्ये ‘डिफ्लेट’ हा शब्द, आवृत्ती आणि कॉपीराइटची ओळ असते. सिम्बॉल काढून टाकली तरी ती सहसा राहते, त्यामुळे ‘स्ट्रिंग्ज’ने बायनरी चाळली की आतली आवृत्ती हाती लागते. सगळ्याच लायब्ररी इतकी सोय ठेवत नाहीत.

शेअर्ड लायब्ररीतही पॅकेज बदलले म्हणजे काम झाले असे नाही. 2014 च्या हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या दोषानंतर दुरुस्त आवृत्ती डिस्कवर आली, तरी चालू असलेले वेब सर्व्हर मेमरीतली जुनी प्रतच वापरत राहिले. अशा प्रोसेसच्या ‘प्रॉक’मधल्या (कर्नल चालू प्रोसेसची माहिती दाखवतो त्या फोल्डरमधल्या) मॅप्स फाइलीत लायब्ररीच्या नावापुढे ‘डिलीटेड’ दिसते. ‘नीडरीस्टार्ट’ अशा प्रोसेस शोधून देतो.

स्टॅटिक बायनरीचा मोठा गुण असा की तिला फक्त कर्नल लागतो, आणि कर्नल आपले सिस्टम कॉल (प्रोग्रॅमने त्याच्याकडे काम मागण्याचे मार्ग) सहसा मोडत नाही. मात्र जीलिबसी स्टॅटिक जोडली तरी होस्टचे नाव शोधणारी फंक्शन चालू असताना शेअर्ड मॉड्यूल मागू शकतात. लिंकर तशी वॉर्निंग देतो आणि लोक ती वाचत नाहीत. पूर्ण स्टॅटिकसाठी मसल ही दुसरी सी लायब्ररी वापरतात. तिथे थ्रेडचा डीफॉल्ट स्टॅक 128 किलोबाइट असतो, म्हणून जीलिबसीवर चालणारा कोड तिथे कोसळू शकतो. गो भाषेची बायनरी आपल्या मॉड्यूलची यादी सोबत बाळगते, हा देखभालीतला मोठाच दिलासा. एलजीपीएल या मुक्त परवान्याखालची लायब्ररी स्टॅटिक जोडून बंद सोर्सचा प्रोग्रॅम वाटायचा तर ग्राहकाला पुन्हा लिंक करता येईल अशा ऑब्जेक्ट फाइली द्याव्या लागतात.

प्रोग्रॅमशेजारी स्वतःच्या ‘.एसओ’ फाइली ठेवणे किंवा सगळे कंटेनर इमेजमध्ये घालणे हे नावाला शेअर्ड. देखभालीच्या दृष्टीने ते स्टॅटिकच. लिनक्स डिस्ट्रिब्यूशनचा पॅच त्यात आपोआप शिरत नाही. हा मार्ग धरला तर सोर्स, कंपाइलरची आवृत्ती, फ्लॅग आणि प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती जपावी, आणि अधूनमधून कोऱ्या मशीनवर बिल्ड करून पाहावी. बिल्ड होत नाही हे दोष जाहीर झाल्याच्या दिवशी कळणे फार महागात पडते.

32 बिटच्या सिस्टमवर हा हिशेब तारखेनिशी मांडता येतो. तिथे वेळेचा 32 बिटचा आकडा 19 जानेवारी 2038 ला भरतो. तो 64 बिटचा केला की लायब्ररीच्या स्ट्रक्चरांचा आकार बदलतो, आणि प्रोग्रॅम एका मापाने व लायब्ररी दुसऱ्या मापाने कंपाइल झाली तर लोडर काहीच बोलत नाही. डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्यूशनने 2024 मध्ये अशा लायब्ररींच्या पॅकेजनावांना ‘टी64’ जोडून त्यांच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस नव्याने बांधली. 32 बिटचा आकडा पोटात असलेल्या स्टॅटिक बायनरीला असा बाहेरून हात लावता येत नाही. ती त्या तारखेआधी सोर्सपासूनच बांधावी लागते.